रात्रपाळीची झोप आणि गोळी

१९६० साली हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना झाली आणि पुढे रसायनीत कारखानदारी रुजली. तिच्याबरोबर तीन पाळ्यांचं जगणंही आलं. रात्रपाळी करून सकाळी बसमधून उतरणाऱ्या कामगाराची अवस्था न्यूयॉर्कला उतरलेल्या प्रवाशासारखीच असते. प्रवाशाचं शरीर मात्र नव्या उजेडाशी रोज साधारण तासाभराने जुळवून घेतं. कामगाराचं जुळेपर्यंत पाळीच बदलते.

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, डोळ्यांवर ऊन पडलं की ते थांबतं. मेलाटोनिनची गोळी म्हणजे शरीराला ‘रात्र झाली’ असा निरोप. ती गुंगीचं औषध नव्हे. लांबच्या विमानप्रवासानंतर ती योग्य वेळी घेतली तर बऱ्याच जणांना उपयोगी पडते, पाळीवाल्यांना तितकी नाही.

सर्दीची गोळी झोपेसाठी घेणं मला फार धोक्याचं वाटतं. तिची गुंगी उठल्यावरही रेंगाळते, आणि त्याच अवस्थेत माणूस दांड फाट्याच्या रस्त्याला मोटारसायकल काढतो. अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळीची सवय लागते, डॉक्टरांशिवाय नकोच. दारूने डोळा लवकर लागतो, पण पुढची झोप मोडते.

त्यापेक्षा घरी येताना काळा चष्मा लावावा, खिडकीला जाड पडदा हवा, फोन बंद. चहा पाळीच्या पूर्वार्धातच संपवावा, कारण पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. आणि कारखान्यांनी पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशाच क्रमाने फिरवाव्यात. उलट्या क्रमाशी शरीराला जुळवून घेणं जास्त जड जातं.