घराची मालकी आणि घरांतील आसरा

आपल्याकडे घर बहुधा पुरुषाच्या नांवें असतें. खरेदीखत सासऱ्याच्या नांवाचें, घरपट्टीची पावती पतीच्या नांवाची. आणि ज्या स्त्रीनें वीस वर्षें त्या घरांत चूल पेटविली, तिचें नांव कोठेंच नसतें. कलह माजला कीं, "हें घर तुझें नव्हे, चालती हो," हें एकच वाक्य तिला रस्त्यावर आणावयास पुरेसें होई. कायद्यापुढें तें वाक्य कितपत टिकतें, हें येथें थोडक्यांत पाहूं.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमाचें मर्म असें कीं, मालकीचा हक्क व राहण्याचा हक्क हे दोन निराळे होत. कौटुंबिक नात्यानें स्त्री ज्या घरांत एकत्र राहते किंवा राहत होती, त्या 'सामायिक घरां'त तिची मालकी नसली तरी तिला राहतां येतें. आणि कायद्याच्या रीतीवांचून तिला कोणीहि बाहेर काढूं शकत नाहीं. हा आसरा केवळ पत्नीसच आहे असें नव्हे. माता, भगिनी व विधवा यांसहि तो आहे.

परंतु घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या मालकीचें असेल तर काय? डिसेंबर २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, पतीचें, त्यानें भाड्यानें घेतलेलें, अथवा तो ज्याचा घटक आहे अशा एकत्र कुटुंबाचें घर तेवढेंच सामायिक. त्यामुळें अनेक सुनांचा आसरा तुटला. पुढें १५ ऑक्टोबर २०२० रोजीं त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं हा अर्थ चुकीचा ठरविला. घर सासऱ्याच्या स्वकष्टार्जित मालकीचें असलें, तरी सून तेथें स्थिर संसार करून राहिली असल्यास तें सामायिक घर होय. मात्र चार दिवस पाहुणी म्हणून राहिल्यानें नातलगाचें घर सामायिक होत नाहीं.

हा हक्क अमर्यादहि नव्हे. त्यानें स्त्रीस घर विकतां येत नाहीं, कीं वांटा मागतां येत नाहीं. वृद्ध सासूसासऱ्यांनाहि शांततेनें राहण्याचा अधिकार आहे, हें त्याच निर्णयांत सांगितलें आहे. म्हणून एकोणिसाव्या कलमाखालीं न्यायदंडाधिकारी दोन्ही बाजू तोलून हुकूम देतो. तो तिला बाहेर काढण्यास मनाई करूं शकतो, छळ करणाऱ्या पुरुषास घर सोडावयास लावूं शकतो, किंवा तिला त्याच दर्जाचें दुसरें घर अथवा त्याचें भाडें देववूं शकतो. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आंत व्हावी, असा नियम आहे. आणि १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रीस, तिची मिळकत कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. ती त्या घरांत राहत होती हें दाखविण्यास शिधापत्रिका किंवा मुलांच्या शाळेंत नोंदलेला पत्ताहि उपयोगीं पडतो.

विद्यार्थिमित्रहो, दगडविटांचा मालक कागदावरून ठरतो. पण घरांत राहणाऱ्या माणसाचा आसरा केवळ कागदावरून ठरत नाहीं. उद्यां घरें तुमच्या नांवावर होतील, तेव्हां हा भेद विसरूं नका.