वाडीला आग लागली तर पाणी किती हवं?

प्यायच्या पाण्याचा हिशेब आपण हंड्यांत करतो. कोळीवाड्यात, नारळी-पोफळीच्या वाडीत किंवा गावाबाहेरच्या नव्या बंगल्यांच्या वसाहतीत आग लागली, तर लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र आपल्यापैकी फारशा कुणी केलेला नसतो. तो आज करू या.

बंब बोलवायचाच, १०१ किंवा ११२ ला फोन लावून. पण बऱ्याच बंबांत साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. मिनिटाला ४५० लिटरने मारा केला, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. पुढचं पाणी गावातूनच भरावं लागतं.

मग वीस घरं असली तर वीसांची बेरीज करायची का? नाही. आग एका घरात लागते. ती तिथेच थांबवायची असते. म्हणून सगळ्यांत मोठं घर धरायचं. अमेरिकेत नळाचं जाळं नसलेल्या गावांसाठी एनएफपीए ११४२ नावाचा नियम आहे. आपल्याकडे तो कायदा नाही, पण अंदाजाला चांगला. घराची लांबी, रुंदी आणि छपराच्या मध्यापर्यंतची उंची फुटांत मोजून गुणायची. जो आकडा येईल, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त लिटर पाणी हवं. पन्नास फुटांच्या आत दुसरं घर असेल, तर त्याची दीडपट. घर कितीही लहान असो, साडेसात हजार लिटरच्या खाली यायचं नाही. शेजार जवळ असेल तर साडेअकरा हजारांच्या.

कोळीवाड्यात इथेच फसगत होते. भिंतीला भिंत आणि छपराला छप्पर लागलेलं असेल, तर ती रांग एकच घर समजा. पंधरा फुटांची चार घरं लागून असली, तर लांबी झाली साठ फूट. रुंदी तीस, उंची पंधरा. गुणाकार २७,०००, त्याचे सुमारे १४,६०० लिटर, आणि समोर दुसरी रांग असली तर जवळपास २२,०००.

एवढं पाणी आहे का, ते विहिरीत बघा. गोल विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि मग गुणिले २२. दहा फूट व्यास, सहा फूट पाणी, म्हणजे १३,२०० लिटर. मोजायचं मात्र वैशाखात. श्रावणात कुठलीही विहीर श्रीमंत दिसते!

कुणी म्हणेल, समुद्र शेजारी आहे की. पण ओहोटीला तो चिखलापलीकडे जातो, आणि खारं पाणी पंप खातं. शेवटचा उपाय म्हणून ठीक.

विजेच्या पंपावरही सगळी भिस्त नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. डिझेलचा पंप किंवा उंचावरची टाकी हवी. टाकीतून घरांना जाणारा नळ तळापासून वर बसवला, की खालचं पाणी आगीसाठी राहतं.

नव्या वसाहतीचा विषय ग्रामसभेत आला, की गटाने तीन गोष्टी विचाराव्यात: आगीसाठी राखीव पाणी किती, वीज गेल्यावर ते उपसणार कसं, आणि भरलेला बंब त्या टाकीपर्यंत पोचतो का. आपल्या वाडीतली पाखाडी अरुंद असेल, तर विहिरीपासून शेवटच्या घरापर्यंत पुरेल एवढा पाइप लागेल. दोरीने ते अंतर मोजून ठेवा, आणि पंपघराची किल्ली कुणाकडे असते तेही विचारून घ्या.