पाण्याखालचे वैभव

इटलीहून परतल्यावर बारामतीच्या एस. टी. स्टँडवर आमचे एक परिचित वृद्ध गृहस्थ भेटले. मूळचे इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचे. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मास्तर, त्या बंदराच्या गावचा समुद्र कसा काय होता?"

"समुद्र गावात नव्हताच!" मी म्हणालो. त्यांना ती थट्टाच वाटली.

पण राव्हेन्नाची खरी गोष्ट तीच आहे. रोमन बादशहा ऑगस्टस याने या गावाजवळ आपल्या आरमारासाठी बंदर केले. भोवती दलदल, शत्रूला वाट सापडायची नाही, म्हणून इ. स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानीच येथे आली. पुढे नद्यांच्या गाळाने बंदर बुजले, समुद्र काही मैल दूर सरकला, साम्राज्यही गेले. मागे राहिली ती भिंतींवरची चित्रे.

ही चित्रे रंगकुंचल्याची नव्हेत. काचेच्या आणि दगडाच्या इवल्या तुकड्यांची. सान व्हिताले हे इ. स. ५४७ मधले चर्च बाहेरून पाहाल तर नुसत्या विटांचे, एखाद्या जुन्या वाड्यासारखे ओबडधोबड. आत पाऊल टाकावे आणि डोळे दिपावेत! एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन, समोरच्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा, दोघेही लवाजम्यासह उभी. सोनेरी तुकडे किंचित तिरपे बसवलेले. त्यामुळे आपण दोन पावले चाललो की उजेडही भिंतीवरून आपल्याबरोबर चालतो. मौज अशी, की जस्टिनियन स्वतः या गावी कधी आलाच नाही.

परंतु माझे मन गुंतले ते दुसऱ्याच ठिकाणी. महाकवी दांते १३२१ मध्ये येथेच वारला. ज्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये त्याचे अंत्यविधी झाले, तेथे वेदीखाली एक तळघर आहे. जमीन खचत गेली आणि त्यात पाणी भरले. यंत्रात नाणे टाकले, दिवा लागला, आणि पाण्याखाली जुन्या चर्चची नक्षीदार फरशी उजळली. तिच्यावरून सोनेरी मासे निवांत फिरत होते. दिवा विझला, तरी मी तेथेच उभा होतो. मला आपली भीमा आठवत होती.

स्टँडवर हे सारे सांगितले, तसे ते गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या पळसनाथासारखंच की!"

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. जुने पळसदेव पाण्यात गेले. वस्ती उठून पुणे-सोलापूर रस्त्याकडे आली. पळसनाथाचे दगडी देऊळ, त्यावरचे विटांचे शिखर, आवारातले वीरगळ, सारे तेथेच राहिले. पाणी उतरू लागले की आधी शिखर डोके वर काढते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले तेव्हा सारे मंदिर उघडे पडले आणि माणसांची रीघ लागली. कोणी नारळ फोडला, कोणी फोटो काढले, कोणी आपल्या घराचा चौथरा शोधला.

"दर्शन झालं, मास्तर," ते म्हणाले, "पर त्या साली रानातला ऊस वाळून गेला. आता देवापुढं मागायचं तरी काय? पाणी दे म्हणावं, की दिसू दे म्हणावं?"

राव्हेन्नात हा पेच नाही; तेथे एका नाण्याने भागते. आपल्या देवळाचे दर्शन दुष्काळाच्या मोलाने मिळते. म्हणून, ते जेव्हा केव्हा उघडे पडेल, तेव्हा ते थोडे दिवस नुसत्या जत्रेत जाऊ नयेत. प्रत्येक शिल्पाचे माप घ्यावे, चित्र घ्यावे, म्हाताऱ्यांकडून गल्ल्यांची नावे लिहून घ्यावीत. आणि आठवण म्हणून एकही दगड कोणी घरी नेऊ नये.

एस. टी. आली. खिडकीशी बसता बसता ते गृहस्थ म्हणाले, "यंदा धरण भरलंय बरं का!" त्यांचा चेहरा हसरा होता, आणि डोळे मात्र नव्हते.