निम्मी मते, चार पंचमांश जागा

१९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेतल्या ३१५ जागांपैकी २६९ काँग्रेसकडे गेल्या. तिला पडलेली मते मात्र पन्नास टक्क्यांना किंचित कमी होती. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी काँग्रेसला नाकारले, आणि त्या निम्म्यांच्या वाट्याला विधानसभेतल्या दर सहा जागांपैकी एकही धड आली नाही. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीत हेच घडले: ५१ टक्के मते आणि २६४ पैकी २१५ जागा. १९६७ मध्ये मते ४७ टक्क्यांवर घसरली, तरी २७० पैकी २०३ जागा आल्याच. या काळाबद्दल आपण सहज बोलून जातो की महाराष्ट्र काँग्रेसचा होता, दुसरा पक्ष नावापुरताच होता. मला हे म्हणणे चुकीचे वाटते. सभागृह एका पक्षाचे होते, राज्य नव्हते. सभागृह आणि राज्य यांच्यातली ही तफावत दोन गोष्टींनी तयार केली: मते मोजण्याच्या नियमाने आणि विरोधकांच्या फाटाफुटीने. हे राज्यभराच्या बेरजांपेक्षा मुंबई शहरात, परळपासून शीवपर्यंतच्या पट्ट्यात, जास्त स्वच्छ दिसते.

१९३५च्या कायद्याखाली १९३७ साली निवडणूक झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर पळवणकर बाळू यांना उभे केले. क्रिकेटच्या मैदानावर ज्यांच्या फिरकीने गोऱ्यांना जेरीस आणले ते हेच बाळू. दलित समाजातले, घराघरांत नाव पोचलेले. काँग्रेसची निवड विचारपूर्वक होती. तरी आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले. त्या वेळी मुंबई प्रांतातल्या बहुसदस्य मतदारसंघांत जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची त्याला मुभा होती. संख्येने कमी पण निर्धाराने एकत्र असलेल्या समाजाला आपला माणूस निवडून आणता यावा, असा या पद्धतीचा उपयोग होता. काँग्रेसला ही पद्धत नको होती, आंबेडकरांना हवी होती, आणि दोघांनाही आपण काय मागतो आहोत हे पुरते ठाऊक होते.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईची लोकसभेची जागा द्विसदस्य होती, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. गिरणगावाचा मोठा भाग, दादर-नायगाव आणि पुढे शीवच्या बाजूची जुनी हद्द असा हा प्रदेश. १९५० साली उपनगरे जोडली जाईपर्यंत मुंबई शहर शीव-माहीमपाशीच संपत असे. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडत, आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकणे सक्तीचे होते. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एक बाद. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मतदाराने आपली सगळी मते बाबासाहेबांना दिली असती, त्याला आता दुसरे मत दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागणार होते किंवा वाया घालवावे लागणार होते. मोजणीत सत्तर हजारांच्या वर मते बाद निघाली. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. त्यांच्याबरोबर युती करून लढलेले समाजवादी अशोक मेहताही पडले. कम्युनिस्टांनी मते मुद्दाम वाया घालवायला सांगितले, असा आरोप करून दोघांनी निवडणुकीला आव्हान दिले. ते फेटाळले गेले.

हा पराभव निव्वळ नियमामुळे झाला असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच मतदारसंघात कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे वेगळे उभे होते आणि त्यांनी नव्वद हजारांच्या वर मते घेतली. आंबेडकरांचे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी एका बाजूला, कम्युनिस्ट दुसऱ्या बाजूला, आणि या दोन बाजूंमधून काँग्रेसचे दोन्ही उमेदवार सुखरूप पार झाले. शिवाय अशोक मेहतांना आंबेडकरांपेक्षा जास्त मते पडली. याचा एक सरळ अर्थ असा की फेडरेशनच्या मतदाराने मित्रपक्षाला दिलेला शब्द जितका पाळला, तितका समाजवाद्यांच्या मतदाराने पाळला नाही. दुसऱ्या मताची ही कसोटी सवर्ण मतदाराच्या मनाची होती, आणि तिला तो उतरला नाही. भारताच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराला त्याच्याच कर्मभूमीत पाडणाऱ्या या निकालाची आपल्याकडे हळहळ पुष्कळ झाली. त्यामागची मोजणी आणि मतांची ही वाटणी मात्र फारशी कुणी तपासली नाही.

आता १९५७. सहा फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात मुंबईसह महाराष्ट्राची मागणी करणारी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), कम्युनिस्ट, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन असे एकमेकांच्या जागा पाडणारे पक्ष एका छत्राखाली आले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले. निवडणूक त्यानंतर तीनच महिन्यांत झाली. मतदारसंघांच्या सीमा बदलल्या होत्या, पण हा भाग आता ज्यात होता ती मध्य मुंबईची जागाही द्विसदस्यच होती, आणि दोन पेट्यांचा नियमही तोच. या वेळी डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने असे दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांनी एकमेकांना पाडले, त्यांच्या मतदाराने आता एक मत लालबावट्याला आणि एक निळ्या निशाणाला दिले. विधानसभेत पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई मिळून १३३ पैकी १०१ जागा समितीने जिंकल्या. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्यात बचावले. तरी मराठी आणि गुजराती प्रदेश मिळून झालेल्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ जागा घेऊन सरकार काँग्रेसचेच आले, कारण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांनी तिला हात दिला.

यावर पहिला आक्षेप असा की १९५७ हा अपवाद होता. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठी शंभरावर माणसे गोळीबारात मेली होती, लोक संतापले होते, आणि तो संताप मतपेटीत उतरला. त्यावरून एरवीच्या निवडणुकांबद्दल काही ठरवता येत नाही. संताप होता हे खरेच. पण एकट्या संतापाने जागा येत नाहीत. संतापलेला मतदार समितीतल्या चार पक्षांच्या चार उमेदवारांत वाटला गेला असता, तर १०१ जागांतल्या कितीतरी काँग्रेसला गेल्या असत्या. राग आंदोलनाने पुरवला. तो एका पेटीत गोळा करण्याचे काम जागावाटपाने केले. याचा पुरावा १९६२ देते. राज्य मिळाले, समिती विस्कटली, चीनच्या प्रश्नावर समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांचे तोंड पाहीनात. द्वैभाषिकात फेडरेशनचे १३ आमदार होते. तिचा वारसा घेतलेल्या रिपब्लिकन पक्षाला १९६२ मध्ये पाच टक्क्यांवर मते पडूनही तीनच जागा मिळाल्या. जनसंघाला पाच टक्के मते आणि एकही जागा नाही. शेकापला साडेसात टक्क्यांत पंधरा, कारण त्याची मते रायगड-सोलापूरसारख्या काही जिल्ह्यांत साचलेली होती. प्रजा समाजवाद्यांना जवळपास तेवढ्याच मतांत नऊ. खुद्द डांगे मध्य मुंबईतून हरले आणि १९६७ मध्ये पुन्हा जिंकले. पाच-पाच वर्षांनी असा उलटसुलट निकाल देणाऱ्या मतदाराला एका पक्षाच्या दावणीला बांधलेला कसे म्हणायचे?

मते कुठे साचली आहेत, याला या पद्धतीत केवढे मोल आहे हे मुंबईच्या नकाशावरही दिसते. लालबाग, परळ, नायगावात चाळीच्या चाळी एका विचाराच्या होत्या. तिथे समिती, नंतर कम्युनिस्ट आणि त्यानंतर शिवसेना यांना पाय रोवता आले. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांच्यावर शिवसेनेचे वामनराव महाडिक केवळ १,६७९ मतांनी निवडून आले, आणि सेनेचा पहिला आमदार सभागृहात गेला. परळहून उत्तरेला शीवकडे गेले की चित्र पालटते. माटुंग्याचे तमिळ, किंग्ज सर्कलचे गुजराती, शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर वसवलेले पंजाबी निर्वासित, मूळचे कोळी, धारावीतले तमिळ कातडीकामगार आणि कुंभार. अशा वस्तीत कुठलाही एक विरोधी पक्ष एकट्याच्या बळावर पहिला येणे अवघड, आणि सगळ्यांत थोडी थोडी मते असलेल्या पक्षाला पहिले येणे सोपे. राज्यभर असा पक्ष एकच होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काँग्रेसचे वर्चस्व साखर कारखाने, सहकारी बँका आणि जिल्हा परिषदा यांच्या जाळ्यावर उभे होते, मतमोजणीच्या नियमावर नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. हे जाळे होते आणि त्याने गावोगावची सत्ता काँग्रेसच्या घरांत बांधून टाकली, यात वाद नाही. पण तारखा पाहाव्यात. १९५२ मध्ये २६९ जागा आल्या, तेव्हा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना नुकता कुठे सुरू झाला होता. १९६२ची निवडणूक फेब्रुवारीत झाली आणि जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या वर्षीच्या १ मे रोजी. कारण परिणामाच्या मागून येत नाही. सहकाराने आणि पंचायत राज्याने काँग्रेसची बैठक टिकवली, शेकापची धडाडीची माणसे तिच्याकडे ओढली. पण निम्म्या मतांच्या चार पंचमांश जागा होण्याचे गणित त्याआधीच चालू होते.

रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये मांडले होते की भारतात खरी स्पर्धा काँग्रेसच्या आतल्या गटांत होते आणि विरोधी पक्ष बाहेरून दबाव टाकतात. म्हणून एका पक्षाचे वर्चस्व असूनही लोकशाही जिवंत राहते. देशपातळीवर यात तथ्य होते. गिरणगावात मात्र ही आतली स्पर्धा कामगाराच्या उपयोगी पडली नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य केली, आणि कापड गिरण्यांत ती होती काँग्रेसशी जोडलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार मनाने कुणाबरोबरही असो, मालकाशी करार करण्याचा हक्क तिचाच. मतपेटीत काय किंवा गिरणीच्या फाटकात काय, दुसऱ्या आवाजाला नियमानेच दाराबाहेर ठेवले होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात या कायद्याविरुद्धची चीड मोठी होती. १९८४च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट उसळली, तेव्हा संपाने पार कंगाल झालेल्या याच पट्ट्याने दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवले.

१९७२चा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. त्या वर्षी काँग्रेसने ५६ टक्के मते घेऊन २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक. ते बहुमत मतांतही खरे होते आणि विरोधक एक झाले असते तरी हरलेच असते. पण मतांतही एवढे ठळक बहुमत देणारी निवडणूक या वीस वर्षांत ही एकच. त्यानंतर सहाच वर्षांनी हे गणित काँग्रेसवर उलटले. १९७८ मध्ये पक्ष दुभंगला होता. दोन्ही काँग्रेसची मते मिळून सुमारे ४३ टक्के भरत होती आणि जागा आल्या ६९ आणि ६२. जनता पक्ष २८ टक्के मतांवर ९९ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला. १९८५ मध्ये एकट्या इंदिरा काँग्रेसला तेवढीच, ४३ टक्के मते पडली आणि २८८ पैकी १६१ जागांचे निर्विवाद बहुमत मिळाले. फरक पडला तो एवढाच की एकदा ती मते दोन पेट्यांत होती आणि एकदा एका.

आणि १९९५ मध्ये शिवसेनेला साडेसोळा टक्क्यांच्या आत आणि भारतीय जनता पक्षाला तेरा टक्क्यांच्या आत मते पडली. दोघांची बेरीज काँग्रेसच्या ३१ टक्क्यांपेक्षा कमी होती. जागावाटप करून लढलेल्या युतीला १३८ जागा मिळाल्या, काँग्रेसला ८०. बंडखोरी करून उभे राहिलेल्या तिच्याच माणसांसह ४५ अपक्ष निवडून आले, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशींचे सरकार उभे राहिले.