बांगडीचं माप आणि सातवीचं गणित

आज गणितावर बोलायचं आहे, पण रेडिओ बंद करू नका. सुरुवात हातातल्या बांगडीपासूनच करू.

नागपूरच्या इतवारीत बांगड्या घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, "दोन-चार देऊ की दोन-आठ?" डब्यावर छापलेलं असतं २.४, २.६, २.८, २.१०. आता सातवीतल्या मुलीला विचारा, २.८ मोठं की २.१०? पुस्तकाप्रमाणे २.८ मोठं, कारण २.१० म्हणजे २.१. पण २.१० ची बांगडी तर हातात जास्त सैल होते! मग चुकलं कोण, पुस्तक की दुकानदार?

आमच्या गटात हा प्रश्न निघाला, तेव्हा आम्ही उत्तर सांगूनच टाकणार होतो. शाळेच्या मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, "पट्टी द्या, मोजू द्या." मुलींनी बांगडीची आतली रुंदी इंचात मोजली. २.४ ची सव्वादोन इंच भरली, २.८ ची अडीच. "चुकलं, पुन्हा मोज," असं दोनदा झालं. मग आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, चार आणे म्हणजे पाव, आठ आणे म्हणजे अर्धा." रुपयाचे सोळा आणे, तसे इथे इंचाचे सोळा भाग! तो ठिपका दशांश चिन्ह नव्हताच. आणे १९५७ साली हिशोबातून गेले, पण त्यांनीच कोडं सोडवलं. शाळेची पायरी न चढलेल्या आजींनी.

मग मुलींनी बांगडीच्या कडेनं दोरा फिरवून मोजला. लहान बांगडी असो की मोठी, दोरा रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्तच. पुस्तकातलं बावीस सप्तमांश ते हेच.

हे काही नवं खूळ नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. हातानं काम करता करता शिकायचं, हा नई तालीमचा विचार तिथूनच पुढे आला.

वेळ मात्र लागतो. एका बांगडीत अख्खा तास गेला. आणि पाढे नकोत असं आम्ही म्हणत नाही. ते पाठ हवेतच. पण "मला गणित येत नाही" म्हणून सातवीतच मागे हटणाऱ्या मुली आपल्या घरात आहेत. त्यांना उत्तर सांगण्याआधी एवढंच विचारा, "तुला काय वाटतं? कशावरून?" त्यासाठी आपण शिकलेलं असायची गरज नाही.

आता मुलींनी नवा प्रश्न काढलाय: विहिरीचा घेर बाहेरून दोरीनं मोजला, तर आत न वाकता तिची रुंदी सांगता येईल का? आम्ही अजून गप्प आहोत.