एक्सेलमधली ३१ मे, आरमध्ये २ जून
मालवण बंदरात उतरलेल्या बांगड्याची नोंद आपण एक्सेलमध्ये ठेवतो, विश्लेषण आरमध्ये करतो. तारखेच्या रकान्यात कुठे ‘बोट नाही’ लिहिलंत, की रीडएक्सएल पॅकेज सहसा अख्खा रकाना मजकूर समजतं आणि ३१ मे २०२४ च्या जागी ४५४४३ दिसतं.

ही दिवसांची मोजणी आहे. आरला सुरुवात १ जानेवारी १९०० दिलीत, तर तारीख येते २ जून! यांत्रिक बोटींवरची पावसाळी बंदी १ जूनपासून. म्हणजे तुमच्या प्रबंधात निर्दोष मच्छीमार बंदी मोडणारा ठरला.

दोन दिवस कुठून आले? एक्सेल त्या १ जानेवारीला शून्य नव्हे, एक म्हणतं. शिवाय कधी न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० मोजतं. म्हणून सुरुवात ३० डिसेंबर १८९९ द्या. आणि शेऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवा.