मंडई उठते, पण मागे काय उरतं?

दिवाळीनंतर कटंगीपासून पलीकडे तुमसर-गोंदियापर्यंत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस येतात, आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: गावातल्या एखाद्या संस्थेनं अशा एका कार्यक्रमावर एवढा पैसा का घालवावा? मला वाटतं, हिशोब त्या दिवसाचा न धरता पुढच्या वर्षांचा धरावा. मराठी साहित्य संमेलनाचंच बघा. न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकार एकत्र आले, पुन्हा 1885 मध्ये जमले. मग तब्बल 20 वर्षं खंड! मागे कायमची व्यवस्था नव्हती. 1906 च्या पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद जन्मली. ती आजही उभी आहे.

म्हणजे 'चार दिवसांचा गाजावाजा' हा आक्षेप अर्धा खराच. नुसता मांडव काही टिकवत नाही. पण वर्गणीला दारोदार फिरताना जुळलेली घरं, पहिल्यांदाच जमाखर्च लिहिणारी पोरं, स्वयंपाकाची जबाबदारी पेलणाऱ्या बाया, हे मनुष्यबळ नुसत्या मासिक बैठकीतून तयार होत नाही. पैसा कमी असेल तर कार्यक्रम लहान करा. मात्र समारोपाआधीच नावांची यादी, उरलेली रक्कम आणि पुढच्या बैठकीची तारीख वहीत लिहून घ्या.